वरचा एक

खोक्यावर 'दोनशे नग' असे छापलेले असताना आत दोनशे एक नग भरणे हा सद्गुण की दोष, या प्रश्नावर मी यंदाच्या फेब्रुवारीपर्यंत कधीही विचार केला नव्हता. तसे कारणच पडले नव्हते. कासुर्डीच्या विनोदच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यात बरोबर दोनशे रबरी बुश, म्हणजे गाडीच्या सांध्यात धक्का सोसायला बसवायच्या रबरी नळ्या, असतात, हे मी स्वतः पाहत होतो आणि पाहिल्याबद्दल चिठ्ठीवर सही करत होतो. दौंडच्या रेल्वे कचेरीत एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळून मी निवृत्त झालो, आणि तेव्हापासून विनोदकडे तपासणी व हिशेब पाहतो. न पाहता सही केल्याचा एकही प्रसंग माझ्या नावावर नाही.

तरीही खोक्यांत दोनशे एक बुश होते. नऊ वर्षे होते. ते घालणाऱ्या बाईंचे नाव सोजराबाई कोळपे.

सोजराबाई मूळच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाईच्या. वडिलांच्या मेंढ्या होत्या. शाळा चौथीपर्यंत, तीही कळप गावाजवळ असेल तेवढेच महिने. लग्न होऊन कासुर्डीला आल्या, तोवर सासरच्यांनी मेंढ्या विकून शेती धरली होती. आज त्यांचे वय छप्पन्न. उंची बेताची, आवाज उंचीच्या दुप्पट, आणि चाल अशी की त्यांच्याबरोबर बोलत चालायचे तर दुसऱ्याला थोडे पळावे लागते.

त्यांचा एक स्वभावविशेष मात्र असा की, कोणतीही गोष्ट त्या मोजून तेवढीच देत नाहीत. डझनभर अंडी मागितली तर तेरा येतात. दोन भाकरी मागितल्या तर तिसरी ताटात पडल्यावरच वाद सुरू होतो. वाटसरूने पत्ता विचारला तर पत्ता सांगून झाल्यावर त्या घरचा कुत्रा चावरा आहे की नाही, हेही सांगतात. आहेराच्या पाकिटात आपण सर्वच जण एकावन्न किंवा एकशे एक घालतो. मोकळा आकडा देऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आपण ती लग्नकार्यापुरती पाळतो. सोजराबाई ती उठल्यापासून निजेपर्यंत पाळतात.

विनोदचा कारखाना म्हणजे सोलापूर रस्त्यालगत, उसाच्या दोन फडांमध्ये उभी असलेली पत्र्याची शेड. आत रबर दाबणारी दोन यंत्रे, बुशांच्या कडा कात्रीने छाटणाऱ्या अकरा बाया, आणि शेवटी एक टेबल. त्या टेबलावर नऊ वर्षे सोजराबाई. बुश अंगठ्याएवढा. ट्रेमध्ये दोनशे खळगे असतात; प्रत्येक खळग्यात एक बुश बसला की मी ट्रे पाहायचा, सही करायची, मग सोजराबाईंनी तो खोक्यात उलटा करायचा आणि वर चिकटपट्टी मारायची. पद्धत मीच घालून दिली होती आणि मला तिचा अभिमान होता. दर महिन्याला रबराच्या वजनात थोडी तूट दिसे. ती मी 'छाटणीतील घट' या शीर्षकाखाली सुवाच्य अक्षरात मांडत असे.

हे बुश शिरूर तालुक्यातील एका मोठ्या वाहन कंपनीत जात. पूर्वी तेथे ते एका मोठ्या पिंपात ओतले जात आणि कोणी मोजत नसे. यंदा कंपनीने पद्धत बदलली: एका गाडीला दोन बुश, म्हणून एक खोके थेट शंभर गाड्यांसाठी गाड्या जोडायच्या लायनीवर लावायचे. खोके संपले की शंभर गाड्या पूर्ण झाल्या, असा हिशेब. पहिल्याच आठवड्यात शंभर गाड्या पूर्ण झाल्या आणि खोक्याच्या तळाशी एक बुश शिल्लक राहिला.

बाजारात भाजीची एक जुडी जास्त आली तर आपण आनंदाने घरी जातो. वाहन कंपनीत मात्र एक बुश उरणे याचा अर्थ असा की, शंभरांपैकी कुठल्या तरी गाडीत एक बुश बसवायचा राहिला. लायन थांबवली. शंभर गाड्या खोलल्या. प्रत्येकीत दोन बुश जागच्या जागी. पुन्हा बंद केल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच झाल्यावर कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या अनिता मॅडमनी विनोदला पत्र पाठवले.

पत्र उत्तम होते. विषय एका ओळीत, मागणी एका परिच्छेदात, मुदत ठळक अक्षरात: सात दिवसांत मूळ कारण, कायमचा उपाय आणि जबाबदार व्यक्तीचे नाव यांसह आठ कलमी अहवाल घेऊन समक्ष यावे, अन्यथा मागणी बंद. मी ते वाचून दाखवले तेव्हा विनोदचा चेहरा पांढरा पडला, आणि मला मात्र, खरे सांगायचे तर, इतके नेटके पत्र बऱ्याच वर्षांनी हाती आल्याचा आनंद लपवता येईना.

"आप्पा, हसताय काय?" विनोद म्हणाला. "कंपनीवालेच मोजायला चुकत असतील."

"तीनदा?"

"मग ट्रेला खळगा जास्त असेल."

आम्ही ट्रे पालथा घातला. प्रत्येक खळग्यावर मी खडूने टिंब दिले. दोनशे.

"मग दोन बुश एकमेकांना चिकटून येत असतील."

टेबलावरून सोजराबाई हसल्या. "इनोदा, एका खळग्यात दोन बुश? प्यांटीच्या एका नळीत दोन पाय घालून बघ, बसत्यात का!"

बाया हसल्या. शास्त्रशुद्ध शोध घेण्यासाठी मी शटरवर खडूने माशाच्या काट्याची आकृती काढली. डोक्याच्या जागी तक्रार लिहायची आणि एकेका काट्यावर माणूस, यंत्र, माल, पद्धत अशी संभाव्य कारणे मांडायची. जगभर ही रीत मानली जाते. आमच्याकडे तिचे स्वागत निराळे झाले.

"आप्पा, ह्यो मासा भिमेतला का तळ्यातला?" छाटणीवरच्या ललिताने विचारले.

"चिलापी हाय," सोजराबाईंनी निर्णय दिला. "काटं बगा की किती. खाताना जपून."

तीन दिवस आम्ही त्या चिलापीचा एकेक काटा तपासला. यंत्र निर्दोष. माल निर्दोष. मग मी सर्व बायांना ओळीने उभे करून गंभीरपणे विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या हातून चुकून जास्त बुश जातो का?" बाराही जणींनी नकारार्थी माना हलवल्या. सोजराबाईंची मान सर्वांत जोरात हलली, इतकी की डोईचा पदर मागे गेला.

चौथ्या दिवशी मी एकाच ट्रेच्या मागे लागलो. यंत्रापासून चिकटपट्टीपर्यंत वही घेऊन त्याच्याबरोबर चाललो. ट्रे भरला. मी पाहिला. सही केली. एरवी येथे मी पाठ फिरवून पुढच्या ट्रेकडे जात असे. त्या दिवशी गेलो नाही. सोजराबाईंनी ट्रे खोक्यात उलटा केला, शेजारच्या पाटीतून एक सुटा बुश उचलला, कपाळाला लावला, खोक्यात टाकला आणि सराईतपणे चिकटपट्टी ओढली.

"सोजराबाई, हे काय?"

"काय?"

"हे आत्ता टाकलेत ते!"

"त्यो? वरचा एक."

"असा रोज टाकता?"

"सगळ्या खोक्यांत. नऊ वर्सं झाली की."

"मग परवा मी सर्वांना विचारले तेव्हा मान का हलवलीत?"

"तुम्ही इचारलं, चुकून जातो का. मी चुकून कवा टाकला? चांगला बघून, निवडून टाकते. कडा खराब असला तर बदलते."

विनोद कपाळाला हात लावून पोत्यावर बसला. त्याने मोबाईलवर नऊ वर्षे गुणिले खोकी असा काही गुणाकार सुरू केला, आकडा बत्तीस हजारांच्या पुढे गेलेला पाहिला आणि मोबाईल खिशात ठेवला. छाटणीतील घट म्हणून मी नऊ वर्षे जे सुवाच्य अक्षरात लिहीत आलो ते काय होते, हे त्याच क्षणी मलाही उमगले. माझ्या आयुष्यातील हा बहुधा सर्वांत मोठा हिशेबी धक्का. पण आश्चर्य असे की मला हसू येऊ लागले, आणि ते काही केल्या आवरेना.

तथापि पद्धत ही पद्धत. मूळ कारणापर्यंत जाण्यासाठी पाच वेळा 'का' विचारावे, असे शास्त्र सांगते. मी वही उघडली.

"वरचा एक का टाकता?"

"मोकळं देऊ न्हाई म्हून."

"मोकळे का देऊ नये?"

"देणं शून्यावर संपलं म्हंजी माणसाच्या तोंडावर दार लावल्यावानी होतंय."

"तसे झाले तर काय बिघडते?"

"मग त्यो बी तुम्हाला मोजूनच धरतो. गरज पडंल तवा एक पाऊल जास्त टाकत न्हाई." त्या थांबल्या. "आता मी इचारते. एक बुश फुकट मिळाला तर त्यांनी मशीन का बंद केली? आमच्या आळीत जास्तीचं मिळालं म्हून चूल इझवत न्हाईत कुणी."

मी समजावले. एक उरला म्हणजे एक कुठेतरी बसवायचा राहिला असे समजतात. सोजराबाईंचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"म्हंजी माझ्या एका बुशापायी शंभर गाड्या खोलल्या?"

"होय."

"सगळ्या?"

"तीन वेळा. तीनशे."

मग सोजराबाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्या हसत हसत टेबलाखाली बसल्या. ललिताची कात्री हातातून पडली. एक जण भिंतीला टेकली, दुसरी तिच्या खांद्यावर पडली. "तीनशे गाड्या!" असे कोणी म्हणाले की पुन्हा लाट उठे. विनोदसुद्धा पोत्यावर बसून डोळे पुसत होता. मी घड्याळ पाहिले: अकरा मिनिटे काम बंद होते. त्याचीही नोंद मी केली, पण कारणाचा रकाना रिकामा सोडला.

हसू ओसरल्यावर विनोद अहवाल लिहायला बसला आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यापाशी थांबला. मग त्याने लिहिले: 'संबंधित महिला कामगारास कामावरून कमी करण्यात आले आहे.'

मी ते वाक्य वाचून दाखवले, कारण सोजराबाई तेथेच उभ्या होत्या आणि माणसासंबंधीचा मजकूर त्याच्या पाठीमागे लिहू नये, हे माझे मत आहे.

"मावशी, मी तरी काय करू?" विनोद जमिनीकडे पाहत म्हणाला. "मागणी गेली तर अकरा जणींचं काम जाईल. त्यांना कुणाचं तरी नाव पाहिजे."

"नाव दे की. माझंच हाय," सोजराबाई म्हणाल्या. आवाज नेहमीच्या निम्मा होता. "पर इनोदा, ह्या टेबलावर मी नऊ वर्सं उभी हाय. मला काढलं असं कागदावर लिवायच्या आधी मला तिथं घेऊन चल. ज्यानं टाकलं त्यानंच सांगावं."

विनोदने माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हणालो की, माणूस बदलून संपणारा अहवाल हा अपुरा अहवाल असतो. त्याने पद्धतीतले भोक बुजत नाही. विनोदने दोन प्रती केल्या. एकीत ते वाक्य होते, दुसरीत तो रकाना मोकळा. दोन्ही पिशवीत घातल्या. कुठली द्यायची ते तिथे ठरवू, असे तो म्हणाला.

सातव्या दिवशी आम्ही तिघे पिकअपमधून निघालो. चौफुल्यावरून केडगाव, भीमेवरचा पूल, पुढे न्हावरे. वाटेत मी सोजराबाईंना कामकाजी बोलण्याचे नियम सांगितले: आधी काय घडले ते सांगावे, मग का घडले, मग काय बदलले, शेवटी ते टिकेल याचा पुरावा, आणि एका वाक्यात एकच गोष्ट. पहिल्या सरावात त्यांनी कवठे येमाईच्या यात्रेपासून सुरुवात केली. दुसऱ्यात सासूपासून. न्हावऱ्याला चहा प्यायला उतरलो तोवर सात सराव झाले होते आणि चहावाल्याला आमचा सगळा विषय पाठ झाला होता.

"मावशी, सासू काढून टाका," तो म्हणाला. "बाकी झकास."

कंपनीची बैठकीची खोली इतकी गार होती की सोजराबाईंनी प्रथम सोबत आणलेल्या ट्रेवरचे फडके काढून खांद्यावर घेतले. समोर अनिता मॅडम, तिशीतल्या, हातात वही. आणि कारखान्याचे मोठे साहेब, उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. विनोदने पडद्यावर दाखवण्यासाठी सव्वीस पाने आणली होती. तिसऱ्या पानावर साहेबांनी घड्याळ पाहिले. तेवढ्यात सोजराबाई उठल्या आणि त्यांनी ट्रे साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, तुमच्या खोक्यात एक बुश जास्त गेला. त्यो मी टाकला. चुकून न्हाई, जाणूनशान टाकला."

विनोदचा हात पिशवीत गेला.

"क्यों?" साहेबांनी विचारले.

"का इचारलं ते लई बरं झालं," सोजराबाई म्हणाल्या. "पाच येळा इचारायचं असतंय. अजून चार राहिलं."

अनिता मॅडमनी वही तोंडापुढे धरली, पण खांदे हलत होते. साहेबांनीही मग एकेक करून विचारले, अनिता मॅडम मराठीचे हिंदी आणि हिंदीचे मराठी करत गेल्या, आणि मोकळ्या आकड्यापासून तोंडावर लावलेल्या दारापर्यंत सारे काही त्या खोलीत सांगून झाले. शेवटी साहेब मागे रेलले.

"और अगर मैं कहूँ, इस औरत को हटा दो?"

विनोदने पिशवीतून एक प्रत अर्धी बाहेर काढलेली मी पाहिली. कोणती ते दिसत नव्हते.

"हटवा," सोजराबाई म्हणाल्या. "माझ्या जागी दुसरी उभी ऱ्हाईल. तिला बी आई असंल. तिच्या आईनं बी तिला वरचा एक घालाया शिकवलं असंल. हाताशी सुटा बुश दिसला की ती बी टाकणार. मग तिला बी हटवा. शिरूर-दौंडच्या सगळ्या बाया संपत्याल, साहेब, बुश तेवढा उरंल."

अनिता मॅडमनी भाषांतर करायचे सोडून हसायला सुरुवात केली. "सर, त्या बरोबर बोलतायत," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझी आईसुद्धा डझनाला तेरा अंडी देते."

"तो उपाय क्या है?"

"मेंढराला शिव्या घालून शेत वाचत न्हाई. मेंढरू शिरतंय ती वाट बुजवावी लागती," सोजराबाई म्हणाल्या. "सुट्या बुशाची पाटी माझ्या टेबलाला खेटून हाय. टेबल आठ फूट लांब न्या. माझ्या हाताला फक्त भरलेला ट्रे येऊ द्या. सुटा बुशच न्हाई तर टाकू काय, डोंबल? आन् चिकटपट्टी मारल्यावर खोकं वजनाच्या काट्यावर ठेवा. आप्पा आधी बघत्यात, त्यांनी मागून बघावं."

शेवटचे वाक्य आमच्या सरावात नव्हते. ते बरोबर होते, म्हणून मी वहीत उतरवून घेतले.

मग सोजराबाईंनी, परवानगी न घेता, साहेबांना एक प्रश्न विचारला. "आमचं खोकं तुमच्या दारात आलं की तुम्ही त्याचं वजन करता का?"

साहेबांनी अनिता मॅडमकडे पाहिले. अनिता मॅडमनी वहीकडे पाहिले.

"नाही करत," त्या म्हणाल्या.

"मग उरलेला बुश आमचा का तुमच्या माणसानं बसवायचा राह्यलेला, हे कळायला गाडीच खोलावी लागणार. का वो, काटा न्हाई तुमच्याकडं?"

काटा होता. तो दाराजवळच, झाकण घातलेला, होता. साहेब इतक्या जोराने हसले की बाहेरून कोणी दार उघडून आत पाहिले. अनिता मॅडमनी आमच्या अहवालाची प्रत मागितली. विनोदने दिली, रकाना मोकळा असलेली. दुसरी त्याने टेबलाखाली चौघडी करून खिशात कोंबली. 'जबाबदार' या शब्दापुढे अनिता मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'टेबलाची जागा', आणि उपायाच्या रकान्यात, 'टेबल आठ फूट हलवणे, कामगार तीच.' खाली साहेबांची सही झाली.

परतीच्या वाटेवर विनोदने न्हावऱ्याला पुन्हा गाडी थांबवली. चहा आला तेव्हा म्हणाला, "मावशी, ती दुसरी प्रत..."

"फाड की मग. का तिला बी साहेबाची सही पायजे?"

त्याने ती तिथेच फाडली. चहावाल्याने निकाल विचारला, ऐकला, आणि सासू काढायला आपणच सांगितले होते, याची दोन गिऱ्हाइकांसमोर आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल हलवले. ते लोखंडी, जुने आणि दिसते त्यापेक्षा बरेच जड आहे. एका बाजूला विनोद, दुसऱ्या बाजूला मी आणि ललिता. सोजराबाई पुढे उभ्या राहून वाट दाखवत होत्या. आम्ही ते धापा टाकत खाली ठेवले. सोजराबाईंनी माझ्या खिशातील मापपट्टी मागून घेतली, पाटीपासून जमिनीवर टाकत टाकत टेबलापर्यंत आल्या आणि उभ्या राहिल्या.

"सात फूट दहा इंच."

"मावशी, दोन इंचांनी काय होतंय?" विनोदने कमरेवर हात ठेवून विचारले.

"कागदावर आठ लिवलंय. माझं काम त्या आठावर राह्यलंय. उचला."

या दोन इंचांच्या बाबतीत मी सोजराबाईंच्या बाजूचा होतो. आम्ही उचलले.